जूनमधला कापूस

आमच्या घरात लग्नकार्याला माणसं जमली, पंगती उठल्या, पानसुपारीचं तबक फिरलं, की कोणीतरी म्हणतंच, "आता गादीच्या कापसाची गोष्ट होऊ द्या." गादीचा कापूस म्हणजे मी. हे नाव मला सतराव्या वर्षी मिळालं, भर ओट्यावर, पंचवीसेक माणसांच्या देखत. देणारे होते झुलालबापू. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, माझ्या डोक्यावरचे केस निम्मे गेले, पण नाव काही गेलं नाही. बापूंनी एकदा माल पास केला की तो परत तपासायची पद्धत नव्हती.

हसून झालं की मी तिथंच थांबतो. गोष्टीचा पुढचा भाग मी लग्नात सांगत नाही. तो भीतीचा आहे.

झुलालबापू माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. तापीच्या काठावर, प्रकाशापासून कोसभर अंतरावर आमचं गुजरांचं गाव. घरात गुजरी, गल्लीत अहिराणी आणि मास्तरांपुढे शुद्ध मराठी, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो आणि तिन्हींत कच्चे राहिलो. बापू मात्र सगळीकडे अहिराणीच बोलत आणि तीही मोजकी. दसऱ्यापासून होळीपर्यंत ते शहाद्याच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रुई पारखायला जात. सरकी काढलेल्या रुईचा ढीग समोर असे. बापू त्यातून चिमूटभर पुंजका उचलत, दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणत, पुन्हा जुळवत, पुन्हा ताणत. चार-पाच वेळा असं केलं की पुंजक्यातले सगळे धागे एका दिशेला निजत. मग तो पुंजका ते आपल्या कोटाच्या डाव्या बाहीवर ठेवत आणि बघत.

कोट काळा होता. बारा महिने, वैशाखाच्या उन्हातसुद्धा, बापू तो घालत. मी लहानपणी विचारलं होतं, की बापू, एवढ्या उन्हात कोट कशाला? त्यांनी बाही माझ्या नाकापुढे धरली. तिच्यावर एक पांढरा धागा चिकटलेला होता. "धोतरवर हाऊ दखाता का तुले?" एवढंच म्हणाले. धागा किती लांब, किती बारीक, त्यात पत्तीचा कचरा किती, हे काळ्यावरच कळतं. मग नमुना निळ्या कागदाच्या पुडीत बांधायचा आणि पुडीवर 'झु' लिहायचं. 'झु' लिहिलं की व्यापारी पुडी उघडत नसत. आणि स्वतःच्या हातानं ताणल्याशिवाय बापूंनी कोणत्याही पुडीवर 'झु' लिहिलं नाही. शेठनं घाई केली तरी नाही, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली तरी नाही. "ताणाबिगर समजत नही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. भाकरी भाजली का, विहिरीला पाणी लागेल का, पोरीला सासर कसं मिळेल, काहीही विचारा, उत्तर तेच.

या वाक्यानंच घोटाळा केला. कधीतरी कोणी गमतीत आपला मॅट्रिक झालेला पोरगा त्यांच्यापुढे उभा केला असावा, की बापू, एवढा कापूस पारखता तर आता याला ताणा आणि सांगा, कॉलेजात काय शिकवू. बापूंनी पोराच्या हातात पुंजका दिला आणि तो कसा ओढतो ते पाहिलं. म्हणाले, हा ओव्हरसियर होईल. पोरगा झालाही. झालं, तेव्हापासून दरसाल निकाल लागला की आजूबाजूच्या गावांतून बाप आपापली पोरं घेऊन बापूंच्या ओट्यावर येऊ लागले. एक पोरगा हिसका मारून पुंजका तोडायचा. बापू म्हणायचे, कॉमर्स. एकानं विचारलं, कोणत्या हातानं ओढू? बापू म्हणाले, "सरकारी नोकरी. काय बी शिकाडा." तिसऱ्यानं दोन बोटांत धरून इतका हळू ताणला, की बापू स्वतः पुढे वाकले, त्याला सायन्सला घातलं. चौथी-पाचवी शिकलेल्या माणसानं कॉलेजच्या शाखा ठरवाव्या आणि शिकलेल्यांनी त्या मान्य कराव्या, हे आज सांगितलं तर माझी मुलं हसतात. पण त्या वेळी कॉलेज कोणी पाहिलं होतं? कापूस सगळ्यांनी पाहिला होता.

आम्ही पोरं बापूंना घाबरत असू. बापू जूनला घाबरत असत, हे मात्र फार कमी लोकांना माहीत होतं. निकालाची बातमी लागली की ते प्रकाशाच्या देवळात जाऊन बसत, नाहीतर केळीच्या बागेत असे शिरत, की काळा कोट असूनही सापडत नसत. माणसं धाडून त्यांना आणावं लागे. ओट्यावर बसले की त्यांच्या बोटांना घाम सुटे. ते ती सारखी धोतराला पुसत.

आणखी एक खोड होती. नदीवर कोणी वाळूत चपला काढून ठेवल्या की बापू लांबून ओरडत, "चपला पायमा घाल, नही तं हातमा धर." आंघोळीला उतरलेल्या म्हाताऱ्यांनाही सोडत नसत. आम्ही पोरं मागून त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यांत चांगली करायचो. ती खोड माझ्याच घरामुळे लागली होती, हे माहीत असूनही करायचो.

माझा मोठा भाऊ नरोत्तम माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. पोळ्याला गावातल्या निम्म्या भिंतींवर गेरूनं बैल काढायचा तो. त्याचे बैल असे चालायचे, की रस्त्यावरचे खरे बैल थांबून बघत असं आमची आई सांगायची, आईच ती. मॅट्रिक झाल्यावर त्याला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला बापूंच्या ओट्यावर नेलं. नरोत्तमचा हात चित्रकाराचा. त्यानं पुंजका इतका सुरेख ताणला, की एक धागा तुटला नाही. बापू म्हणाले, "लांब धागा शे. डॉक्टरकीले धाडा." नरोत्तम धुळ्याला सायन्सला गेला.

वर्षाअखेरीस नापासाचं पत्र घरी आलं, नरोत्तम आला नाही. धुळ्याहून तो निघाल्याचं कळलं. अलीकडच्या काठाला नावेतून उतरताना नाव चालवणाऱ्या भोयानं त्याला पाहिलं होतं. मग वाळूत त्याच्या चपला सापडल्या. एकीशेजारी एक, नदीकडे तोंड करून.

मी तेव्हा सात वर्षांचा होतो. मला त्या अकरा दिवसांतलं एवढंच आठवतं, की घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं आणि आईनं नदीचं पाणी भरणं बंद केलं होतं. विहिरीचं खारट पाणी आम्ही पीत होतो. भोई बांबू घेऊन डोहात शोधत होते. आणि बापू सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत त्या चपलांशेजारी वाळूत बसून होते, काळा कोट घालून. कोणी चपला उचलू म्हटलं की नको म्हणत. आप्पा त्यांना काही बोलले नाहीत, तेच जास्त वाईट होतं.

बाराव्या दिवशी कार्ड आलं. नरोत्तम सुरतेला होता. साड्या छापायच्या कारखान्यात फुलांची नक्षी काढायला लागला होता. घरी यायचं म्हणून नदी ओलांडली खरी, पण आप्पांच्या पुढे उभं राहायचं धैर्य होईना, म्हणून काठाकाठानं चालत गेला आणि पुढे गाडी धरली. खाली एक ओळ होती: 'चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून तिथेच टाकल्या.'

आईनं चपला आणवल्या. उजव्या चपलेचा अंगठा खरोखर तुटलेला होता. भोयांनी, आप्पांनी, फौजदारानं, कोणीच तो पाहिला नव्हता. बापूंनीही नाही.

एवढं होऊनही दहा वर्षांनी आप्पांनी मला त्याच ओट्यावर नेलं. याला विश्वास म्हणावं की दुसरं काही सुचत नव्हतं म्हणावं, हे मला अजून कळलेलं नाही. साठ-एकसष्टचा सुमार असेल. त्या जूनमध्ये ओट्यावर दोनच पोरं होती. एक मी आणि दुसरा मुरलीधर, म्हणजे बापूंचाच एकुलता एक मुलगा. त्यामुळे गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. सगळ्या गावाची पोरं पारखणारा माणूस स्वतःच्या पोराला काय म्हणतो, हे ऐकायला लोक शेतातून हातपाय न धुता आले होते.

मुरली आणि मी एका वर्गातले. तो पहिला यायचा आणि मी त्याच्याच बाकावर बसायचो, यापलीकडे आमच्या अभ्यासाचा संबंध नव्हता. तो शाळकरी असताना प्रकाशाच्या टेकाडावर सरकारची माणसं तंबू ठोकून खणायला आली होती. मातीच्या थरांतून खापरं निघत, ती धुवायची, त्यांवर नंबर टाकायचे, असं काम चाले. मुरली शाळा सुटली की तिकडे जायचा. माणसं निघून गेली, तंबू गेले, पण मुरली तिथंच राहिला म्हणा ना. नांगरटीत, ओढ्याच्या कडेला जिथं मिळेल तिथं खापर उचलायचा आणि बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात ठेवायचा. काळं-तांबडं वेगळं, नक्षीचं वेगळं. कॉलेजात इतिहास घ्यायचा आणि पुढे हेच शिकायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

त्याच्या आईला, जिजीला, त्या डब्याची धास्ती. प्रकाशा म्हणजे तीर्थ. लांबलांबून लोक मेलेल्यांचे दिवस करायला काठावर येतात आणि आमच्याकडे मडकं फुटतं ते मसणातच. जिजी म्हणायची, "सोनं सापडं नही तुले, मसणना मडका सापडनात. घरमा कोनाना दिवस भराई ऱ्हायना शे काय, माय जाणे." डबा घरात येऊ द्यायची नाही. तो गोठ्याच्या छपराखाली टांगलेला असे आणि जिजी म्हशीला चारा टाकतानाही त्याच्याकडे पाठ करून टाके.

गावाचं म्हणणं वेगळं. साखर कारखाना येणार, असं नुकतंच बोललं जाऊ लागलं होतं. मुरलीनं सायन्स करायचं, साखरेचा केमिस्ट व्हायचं आणि कारखाना आला की आपल्या गावचा माणूस आत बसलेला पाहिजे, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. खोटं कशाला बोला, शहाणपणाचंच होतं ते.

आधी माझी पाळी. बापूंनी पुंजका दिला. मी तो ओढला, तो तुटला. दुसरा दिला, तो नाकाजवळ नेऊन निरखायला गेलो आणि मला शिंक आली. रुई उडून जिजीच्या डोक्यावरच्या पदरावर बसली. बापूंनी उरलेला कण बाहीवर ठेवला, बराच वेळ पाहिला आणि आप्पांना म्हणाले, "याना धागा आखूड शे. गादीमा भरासाठे चांगला."

ओटा हसून हसून लोळला. आप्पांनी चिकाटीनं विचारलं, "मंग सायन्सले धाडू का नको?"

"धाड," बापू म्हणाले. "संगे उशी दे."

मी दोन वर्षं सायन्सला नापास झालो. पुढे कारखाना आला तेव्हा उसाच्या गाड्यांच्या काट्यावर कारकून म्हणून लागलो आणि बावीस वर्षं गादीवर बसून आहे. गादीत कापूसच आहे, मी उसवून पाहिलंय.

मग मुरली पुढे आला. हसणं आपोआप थांबलं. बापूंनी बोटं धोतराला पुसली, पुन्हा पुसली. पुंजका दिला. मुरलीनं तो ताणलाच नाही. तो त्यातला कचरा वेचू लागला. पत्तीचे तुकडे, बोंडाच्या सालीचा एक कण, सरकीचं एक फोलपट. एकेक काढून त्यानं ओट्याच्या दगडावर ओळीनं मांडलं. मग विचारलं, "बापू, हाई कोणता वावरनं शे? हाई पत्ती आपली नही."

कोणीतरी म्हणालं, "घ्या. रुई सोडी कचराना मांगे लागना." कोणी म्हणालं, "बापू, बोला ना आते. काय लिखानं?"

मी बापूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला वाळूतले ते अकरा दिवस आठवले. तेच तोंड होतं. ते उठले आणि आत गेले. त्या ओट्यावरून निकाल न घेता कोणी परत गेल्याची ती पहिली वेळ.

फॉर्म मुरलीनं आधीच आणून ठेवला होता. त्यात 'कोणत्या शाखेत प्रवेश हवा' अशी एक ओळ आणि खाली पालकाची सही. तो फॉर्म बापूंनी कोटाच्या आतल्या खिशात घातला. एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले. जिजी विचारायची, तर "दखूत" म्हणायचे. मुरली काही विचारत नव्हता. तो जेवतही नव्हता. मला मात्र भीती वाटायला लागली होती, आणि ती अशी, की मुरली संध्याकाळी टेकाडाकडे गेला की मी काही ना काही निमित्त काढून मागे जायचो. त्याच्या पायांकडे बघत. चपला आहेत ना. बापूही दुसऱ्या वाटेनं तेच करत होते, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. बाभळीआड काळा कोट दिसला. आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून वेगवेगळ्या वाटांनी घरी आलो.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं धुळ्याला निघालो. गावापाशी पूल नव्हता. नावेनं पलीकडे जायचं आणि तिथून एस.टी. बापू घाटापर्यंत आले. आम्ही नावेत बसलो. फॉर्म अजून त्यांच्या खिशात. मला वाटलं, आता काढतील. त्यांनी भोयाला म्हटलं, "हात दे," आणि नावेत चढले.

भोई बघतच राहिला. "बापू, तुम्ही? नावमा?" नरोत्तमच्या त्या प्रकारापासून बापू नावेत बसले नव्हते. शहादा आमच्याच काठाला, त्यामुळे अडत नव्हतं.

वर कुठंतरी पाऊस झाला असावा. पाणी गढूळ होतं, झाडांच्या फांद्या वाहत येत होत्या. मध्यावर नाव एकदम आडवी झाली, एक बाई रामराम म्हणायला लागली. बापूंनी एका हातानं काठ धरला होता आणि दुसऱ्यानं खिसा. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. नाव सावरली तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "नरोत्तमनी चपल याद शे तुले?"

मी मान हलवली.

"अंगठा तुटेल व्हता. अकरा दिन मन्हा समोर पडेल व्हती. कापूसमा केसयेवढी पत्ती दखास मले. तो अंगठा दखना नही." मग मुरलीकडे न बघता, पाण्याकडे बघत ते बोलू लागले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "जूनमा कोनी कापूस पारखत नही, पोऱ्या. हवामा ओल ऱ्हास. धागा लांब वाटस, मऊ वाटस. बोटले घाम ऱ्हास. जूनना कापूस खोटं बोलस. जिनमा मी एक पुडी जूनमा बांधी नही. नरोत्तमले मी जूनमा पारखं. सम्दा पोरेस्ले जूनमाच पारखं."

मुरली हळूच म्हणाला, "मंग नही म्हनानं व्हतं. काबरं पारखं इतला वरीस?"

"लोके लई येत. नही म्हनानं भेव वाटे." बापूंनी खिशातून फॉर्म काढला. त्याच्या घड्या घामानं मऊ झाल्या होत्या. "पेन लय."

मुरलीनं पेन दिलं. बापूंनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला. सवयीनं त्यांनी आधी 'झु' लिहिलं, मग थांबून पुढचं नाव पुरं केलं. नाव हलत होती, अक्षरं नागमोडी आली. वरची ओळ तशीच रिकामी होती. फॉर्म त्यांनी मुरलीच्या हातात दिला.

"बापू, मी आर्ट्स..."

"मले सांगू नको," बापू म्हणाले. "तू सांगं तं मी ताणसू. कोरं शे. तूच लिख."

न ताणलेल्या पुडीवर ज्यानं जन्मात 'झु' लिहिलं नाही, त्या माणसाची सही कोऱ्या ओळीखाली होती. भोयाला काय कळणार, तो वल्हं मारत राहिला. मला कळलं. मुरली नापास झाला तर? तो परत आलाच नाही तर? त्या कागदावर काय लिहिलं जाईल, ते आता बापूंच्या हातात नव्हतं. पलीकडे उतरल्यावर बापू त्याच नावेनं माघारी निघाले. एस.टी.च्या वाटेवर मी वळून पाहिलं. नाव मध्यावर होती आणि त्यांनी दोन्ही हातांनी काठ धरला होता.

मुरलीनं धुळ्याला पोचेपर्यंत ती ओळ भरली नाही. खिडकीपुढच्या रांगेत उभा असताना भरली. 'आर्ट्स' लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत तो कागदावर फुंकर घालत राहिला. मी बाजूला उभा राहून आपलं 'सायन्स' ठळक अक्षरांत लिहीत होतो. मला कसलीच भीती नव्हती. गादीच्या कापसाला ती नसते.

पुढच्या जूनमध्ये लोक पोरं घेऊन आले, तर बापू ओट्यावरच बसलेले होते. पळाले नाहीत. म्हणाले, "दिवाळीनंतर लया."

"बापू, कालेज तं आते उघडस."

"मंग कालेजले पूसा. कापूस दिवाळीनंतर पारखतस."

दोन-तीन जून असं झालं आणि लोक यायचे थांबले. म्हातारा चळला म्हणाले. त्या वर्षांत बापूंना गावात कमी आणि पोस्टमनच्या वाटेवर जास्त पाहिलं लोकांनी. मुरलीचं कार्ड चार दिवस उशिरा आलं की ते घाटावर जाऊन वाळू बघून येत. तो पहिल्या वर्षाला पास झाला, पुढच्याला झाला, इतिहास घेऊन पदवी झाली, पुण्याला गेला, तरी त्यांचं घाटावर जाणं चालूच. एकदा मी चिडून म्हटलं, "बापू, आता कशाची भीती? पास तर होतोय." ते म्हणाले, "पास व्हयना ते मास्तरनी सांगं. बरा शे का ते कोन सांगी?"

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते एका हिवाळ्यात. मुरलीला लांब, नर्मदेकडच्या कुठल्याशा टेकाडावर खणण्याच्या कामावर घेतलं होतं. पक्की नोकरी नव्हती, पाच-सहा महिन्यांचं काम. त्याच सुमाराला शहाद्याच्या एका शाळेत मास्तरची जागाही निघाली होती. जिजी रडली, आप्पांनी समजावलं, मीही शहाणपणाचे चार शब्द बोललो. मुरली टेकाडाकडेच निघाला. बापूंना तोवर फारसं दिसत नव्हतं. जिनचं काम सुटलं होतं. कोट मात्र होता.

धुळ्यावरून जाणाऱ्या मुरलीला पोचवायला मी घाटावर जाणार होतो, पण शहाद्याहून येणाऱ्या माझ्या गाडीला उशीर झाला. धावत पोचलो तेव्हा नाव सुटली होती. घाटावर कोणी नव्हतं. वाळूत चपला होत्या. एकीशेजारी एक, नदीकडे तोंड करून. बापूंच्या.

मी नदीकडे पाहायच्या आधी अंगठे पाहिले. वाकून, हात लावून पाहिले. दोन्ही शाबूत होते.

मग वर पाहिलं. बापू पाण्यात उभे होते, गुडघ्यापर्यंत. कोटाची खालची कड भिजून तरंगत होती. नाव बरीच पुढे गेली होती. ते तिच्याकडे बघत होते, म्हणजे ती जिकडे असेल असं वाटत होतं तिकडे. डावा हात पुढे करून ताठ धरलेला आणि उजव्या हाताचा अंगठा डाव्या बाहीवर दाबलेला.

मी "बापू" अशी हाक मारली. त्यांनी वळून न बघताच आवाज ओळखला.

"अठे ये. पहिले त्या चपला उचल. कोनी दखी लिधं तं गाव रडाले बठी."

मी चपला उचलल्या आणि धोतर वर धरून पाण्यात शिरलो. पाणी असं गार होतं की दात वाजत होते. जवळ गेलो तेव्हा दिसलं, की त्यांच्या बाहीवर रुईचा पुंजका होता. निळा कागद खिशातून डोकावत होता.

"मुरलीनी ताणा," ते म्हणाले. "आते, जाताना. हाऊ हिवाळाना शे, कोरडा. खोटं बोलाव नही. मले दखात नही. तू दख, कितला लांब शे."

मी बाहीवर वाकलो. काळ्यावर पांढरं होतं, एवढं मला दिसलं. लांब म्हणजे किती असतं, कशाच्या मानानं लांब म्हणायचं, हे मला कधीच कळलं नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं. वारा सुटला होता. अंगठा उचलला असता तर पुंजका उडून गेला असता.

"लांब शे, बापू," मी म्हटलं.

"नीट दख."

मी एका हातात त्यांच्या चपला धरून पुन्हा वाकलो आणि मला जमेल तेवढा वेळ बघत राहिलो.